पाचटाचा धूर आपल्याच घरात येतो

(ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गळिताचा हंगाम सुरू झाला की सातारा-सांगली भागातून संध्याकाळी प्रवास करताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जाळ दिसू लागतो. ऊसतोड झाली, गाडी भरून गेली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाचटाला काडी लागते. कऱ्हाड असो, वाळवा असो, पलूस असो, चित्र सारखेच. तास-दोन तासांत रान काळे होते आणि आपल्याला वाटते, चला, रान मोकळे झाले.

हे मी दुसऱ्याचे उणे काढण्यासाठी सांगत नाही. कृषी पदवी घेण्याअगोदर आणि त्यानंतरही काही वर्षे आमच्या स्वतःच्या रानात मी पाचट पेटविले आहे. वडील म्हणायचे, "पेटव लवकर, पाणी द्यायचंय." मी पेटवीत होतो. म्हणून आज मी जे बोलणार आहे ते तुमच्याबरोबर मलाही लागू आहे, असे समजून ऐकावे.

२ डिसेंबर हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन म्हणून पाळला जातो. १९८४ साली २ आणि ३ डिसेंबरच्या मध्यरात्री भोपाळच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस आहे. प्रदूषण म्हटले की आपल्याला भोपाळ आठवते, दिल्ली आठवते, मुंबईच्या गाड्या आठवतात. खेड्यातली हवा चांगली, असे आपण धरून चालतो. पण २०१९ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हवेचे मानक न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आपल्या सांगलीचे नाव होते. शेजारचे कोल्हापूर आणि सोलापूरही त्यात होते. सांगलीत हवा मोजण्याची सोय आहे म्हणून ते कळले. आपल्या गावात ते यंत्र नाही, एवढाच काय तो फरक. त्यावरून गावची हवा शुद्ध आहे असे ठरत नाही.

धुरात असते काय?

धूर डोळ्यांना दिसतो, पण त्यातला जो भाग खरा घातक, तो दिसत नाही. धुरात अतिशय बारीक कण असतात. त्यांना शास्त्रज्ञ 'पीएम २.५' म्हणतात, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन धरली, तर हा कण केसाच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढा होतो. धूळ नाकातल्या केसांत आणि घशात अडकते, शिंकेवाटे, खाकरून बाहेर पडते. हे कण तिथे अडकत नाहीत. ते फुफ्फुसाच्या अगदी शेवटच्या वायुकोशापर्यंत जातात आणि त्यांतले काही रक्तातही उतरतात. म्हणूनच धुराने केवळ खोकला होत नाही. हृदयविकार आणि पक्षाघात यांचाही धोका त्याने वाढतो.

याशिवाय धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. तो रक्तातील प्राणवायूची जागा अडवितो. जाळाजवळ उभे राहिल्यावर डोके जड होते, मळमळते, त्याचे एक कारण हे आहे. आणि कर्करोगाशी संबंध असलेली काही संयुगे तंबाखूच्या धुरात असतात, तशीच ती लाकूड, शेणी आणि पाचटाच्या धुरातही असतात. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बाहेरील हवेच्या प्रदूषणाचा समावेश कर्करोगास कारणीभूत गोष्टींच्या पहिल्या गटात केला आहे.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून भाताच्या पेंढ्यावरील एक नेहमी दिला जाणारा हिशेब सांगतो. एक टन पेंढा जाळला तर सुमारे ३ किलो बारीक कण, ६० किलो कार्बन मोनॉक्साइड आणि १४६० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि सुमारे २०० किलो राख उरते. पाचट काही पेंढा नव्हे, पण तेही वाळलेले पानच आहे. आपल्या एका एकरात असे तीन-चार टन पाचट निघते.

आपल्या देशाच्या मानकानुसार हवेतील पीएम २.५ चे प्रमाण वर्षाच्या सरासरीने घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा ५ वर आणली. म्हणजे शास्त्र जसजसे पुढे गेले, तसतसे थोडा धूरही निर्धोक नाही हे दिसून आले.

हिवाळ्यात धूर का साचतो?

काही शेतकरी म्हणतात, "साहेब, एवढं मोठं आभाळ, धूर जाईल निघून." उन्हाळ्यातील दुपारी काही अंशी तसे होतेही. पण आपली ऊसतोड हिवाळ्यात असते. रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते आणि वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात पहाटे धुक्याचा पट्टा खालीच पसरलेला आपण पाहतो. धूरही तसाच त्या झाकणाखाली अडकतो. सायंकाळी पेटविलेल्या पाचटाचा धूर रात्रभर वस्तीवर रेंगाळतो. आपण दारे-खिडक्या लावून झोपतो, पण हे कण फटीतून आत येतात. पेटविले रानात, तरी श्वासात घेतले जाते ते घरात, आणि तेही रात्रभर.

यात सर्वांत जास्त सोसतात ती लहान मुले, गरोदर स्त्रिया, म्हातारी माणसे आणि ज्यांना आधीच दमा आहे ते. लहान मुलांचे फुफ्फुस वाढत असते आणि ती मोठ्यांपेक्षा जलद श्वास घेतात. गरोदर स्त्री सतत धुरात राहिली तर मूल कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. आणखी एक वर्ग आपण विसरतो. ऊसतोड मजुरांच्या कोप्या बहुधा फडाच्या कडेलाच असतात. त्यांची मुले त्याच धुरात झोपतात.

आईची गोष्ट

आता घरातली एक गोष्ट सांगतो. माझी आई साठीच्या पुढे गेली, तेव्हा तिला जिना चढताना धाप लागू लागली. थंडीत खोकला महिना-महिना राहायचा. आम्ही म्हणायचो, वय झाले. शेवटी एका दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी नळीत जोरात फुंकर मारायला लावून फुफ्फुसाची तपासणी केली आणि कागद पाहून विचारले, "आजी, विडी किती वर्षं ओढता?" आई चिडली. म्हणाली, "मी कशाला विडी ओढू? माझ्या सात पिढ्यांत कोणी बाईनं ओढली नाही!" डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "मग चूल किती वर्षं फुंकली?"

चाळीस वर्षांहून अधिक. पहाटे चूल, सकाळी बंब, दुपारी पुन्हा चूल, आणि हंगामात रानातले पाचट पेटविताना कडेला उभी. तिला झालेल्या आजाराला डॉक्टर 'सीओपीडी' म्हणतात. यात श्वासनलिका अरुंद होत जातात आणि गेलेली ताकद परत येत नाही. औषधाने त्रास कमी ठेवता येतो, आजार उलटविता येत नाही. हा आजार फक्त विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होतो अशी पूर्वी समजूत होती. २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि इंग्लंडचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून कधीही धूम्रपान न केलेल्यांनाही तो मोठ्या प्रमाणावर होतो, आणि त्यात चुलीच्या धुराचा मोठा वाटा आहे, याकडे जगाचे लक्ष वेधले.

ते पाचट मी पेटवीत होतो, आणि आई कडेला राखण करीत उभी असायची. ही गोष्ट मला आजही बोचते. तेव्हा कोणी सांगितले नव्हते. आज मी तुम्हाला सांगत आहे.

पाचटात आपण काय जाळतो?

आरोग्याची गोष्ट झाली. आता हिशेबाकडे येऊ, कारण शेतकऱ्याला परवडले पाहिजे.

हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट निघते. त्यात सुमारे ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद आणि ०.७ ते १ टक्का पालाश असते. सेंद्रिय कर्ब ३२ ते ४० टक्के असतो. म्हणजे हेक्टरी ४० ते ५० किलो नत्र, ५६ ते १०० किलो पालाश आणि अडीच ते चार टन सेंद्रिय कर्ब. एकराचा हिशेब केला तर २० किलोपर्यंत नत्र. ते युरियाच्या एका गोणीत असते जवळजवळ तेवढे. काडी लावताना आपण ती गोणीच पेटवितो.

"राखेतून पालाश मिळतेच की," असे काही जण म्हणतात. पालाश राखेत राहते हे खरे. पण राख वाऱ्याने उडते आणि पहिल्या मोकाट पाण्याबरोबर वाहून जाते. नत्र आणि कर्ब मात्र राखेत राहत नाहीत, ते हवेत जातात. शिवाय वरच्या थरातील जिवाणू भाजतात आणि किडींवर जगणारे मित्रकीटकही मरतात. मिरज, वाळवा, पलूस भागात जादा पाण्याने जमिनी क्षारपड होत आहेत. अशा जमिनींना सेंद्रिय पदार्थाची सर्वांत जास्त गरज असताना नेमका तोच आपण जाळीत आहोत.

खोडव्यात पाचट कसे ठेवावे?

ऊस संशोधनाचे मोठे केंद्र आपल्याच जिल्ह्यात, फलटण तालुक्यातील पाडेगाव येथे १९३२ पासून आहे. फुले २६५ सारखे वाण तिथून आले. खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाची विद्यापीठाची शिफारसही नवी नाही. ती क्रमाने सांगतो.

१. तोडणी झाल्यावर पाचट सरीत सारखे पसरावे. ढीग राहू देऊ नयेत. बुडख्यांवरील पाचट बाजूला करून बुडखे मोकळे ठेवावेत, म्हणजे फूट चांगली होते.

२. जमिनीच्या वर राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत. यामुळे जमिनीखालच्या डोळ्यांतून जोमदार कोंब येतात. छाटल्यानंतर बुडख्यांवर कार्बेन्डाझिम १ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून फवारावे. फवारताना तोंडाला फडके व हातमोजे वापरावेत.

३. पाचटावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धक टाकावे. संवर्धक शेणखतात मिसळून टाकल्यास सारखे पसरते. युरिया कशासाठी, असे विचारले जाते. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडे असते. कुजविणाऱ्या जिवाणूंना सुरुवातीला नत्र लागते. ते वरून दिले नाही, तर जिवाणू जमिनीतले नत्र ओढतात आणि पीक पिवळे पडते. "पाचट ठेवले आणि खोडवा पिवळा पडला" अशी तक्रार येते, तेथे बहुधा हीच पायरी चुकलेली असते.

४. त्यानंतर पाणी द्यावे. ओलाव्यामुळे पाचट जमिनीला चिकटून बसते. साधारण साडेतीन ते चार महिन्यांत ते कुजते.

५. रासायनिक खते पहारीने द्यावीत. बुडख्यापासून १० ते १५ सें.मी. अंतरावर, १० ते १५ सें.मी. खोल छिद्र घेऊन, दोन छिद्रांत ३० सें.मी. अंतर ठेवावे. पहिला हप्ता तोडणीनंतर १५ दिवसांच्या आत वाफशावर, आणि दुसरा १३० ते १३५ दिवसांनी सरीच्या विरुद्ध बाजूस द्यावा.

खोडवा ठेवायचा नसेल, तर ट्रॅक्टरच्या पाचट कुट्टी यंत्राने तुकडे करून ते जमिनीत गाडावे, किंवा खड्ड्यात कंपोस्ट करावे. दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो संवर्धक, हे प्रमाण लक्षात ठेवावे.

काही शंका

पहिली शंका पाण्याची. "पाचटामुळे पाणी पुढे सरकत नाही." मोकाट पाणी देणाऱ्यांना पहिल्या एक-दोन पाळ्यांना हा त्रास होतो. त्यावर उपाय म्हणजे एकाआड एक सरीत पाचट दाबून मोकळ्या सरीतून पाणी द्यावे. ठिबक असेल तर प्रश्नच नाही. पुढे आच्छादनामुळे ओल टिकते आणि पाण्याच्या पाळ्या लांबतात. खटाव-माणच्या शेतकऱ्याला याची किंमत सांगायला नको.

दुसरी शंका उंदीर आणि सापांची. ढीग राहिले तर उंदीर वाढतात. पाचट सारखे पसरून ओले केले तर त्यांना आसरा कमी मिळतो.

तिसरी मजुरीची. पाचट पसरणे आणि बुडखे छाटणे याला मजूर लागतात, हे मान्य. पण पुढे तणाची एक-दोन खुरपणी वाचते, ती या हिशेबात धरावी. शिवाय आगीचा धोका लक्षात घ्या. वारा फिरला की जाळ शेजारच्या उभ्या उसात जातो, ठिबकचे पाइप वितळतात. पेटविलेले पाचट आवरायला गेलेली वयस्कर माणसे भाजून दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. आणि जळीत उसाला कारखाना दरात कपात लावतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पाचटाचा दुसरा उपयोग

पाचट जास्त असेल तर त्याचे इंधन करता येते. पुणे आणि फलटण भागात काम करणाऱ्या 'आरती' या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या बनविण्याची पद्धत तयार केली. बंद पिंपात पाचट तापवून कोळसा होतो आणि त्याच्या कांड्या जळताना धूर जवळजवळ होत नाही. या कामाला २००२ साली इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. बचत गटांनी याचा विचार करावा.

इतर धूर

आज इथे पाटण आणि शिराळ्याच्या डोंगरी भागातील शेतकरीही आले आहेत. त्यांच्याकडे भातासाठी राब भाजतात. त्याऐवजी गादीवाफ्यावर भाताच्या तुसाची काळी राख मिसळून रोपे तयार करावीत. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीतील हे पहिलेच सूत्र आहे. रोपे निरोगी होतात आणि झाडांच्या फांद्या तोडाव्या लागत नाहीत. उन्हाळ्यात डोंगराला वणवा लावल्याने गवत चांगले येते, ही समजूतही सोडून द्यावी.

हळद शिजविताना उघड्या कायलीखाली पाला-पाचट जाळण्याऐवजी वाफेवर शिजविण्याचे कुकर वापरावेत. इंधन कमी लागते आणि हळद सारखी शिजते. पॉलिश करताना आणि धान्य मळताना नाकातोंडाला साधा रुमाल बांधल्याने जाड धूळ अडते, बारीक कण अडत नाहीत. त्यासाठी 'एन ९५' मुखपट्टी वापरावी. साठवून बुरशी आलेल्या उसाच्या चिपाडाच्या धुळीनेही फुफ्फुसाचा एक स्वतंत्र आजार होतो. त्याला 'बगॅसोसिस' म्हणतात. गुऱ्हाळ आणि कारखान्यात काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. तसेच गुऱ्हाळाच्या चुलवणात आणि घरच्या बंबात टायर, रबरी चपला, प्लॅस्टिकच्या पिशव्या कधीही घालू नयेत. त्यातून निघणारे डायॉक्सिनसारखे विष कमी तापमानाच्या जाळात नष्ट होत नाही. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली आहे आणि दंडही ठेवला आहे.

आणि शेवटी चूल. वारा खेळत नसलेल्या स्वयंपाकघरात चुलीमुळे बारीक कणांचे प्रमाण योग्य मर्यादेच्या शंभरपटीपर्यंत जाऊ शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून देशात १० कोटींहून अधिक गॅस जोडण्या झाल्या. पण टाकी महाग पडते म्हणून भाकरी आणि पाणी तापविणे अजून चुलीवरच होते. आपल्या भागात घरटी जनावरे आहेत. चार-पाच जनावरे असतील तर दोन घनमीटरचा बायोगॅस चालतो. त्याला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. गॅस मिळतो आणि स्लरी रानाला होते. तेही जमत नसेल तर धुराड्याची निर्धूर चूल बसवावी आणि निदान स्वयंपाकघराला वरच्या बाजूला झरोका ठेवावा.

बंधू-भगिनींनो, कारखान्याची चिमणी आणि रस्त्यावरच्या गाड्या यांवर शासनाचे नियम आहेत. ते पाळले जावेत यासाठी आपण ग्रामसभेतून जरूर आवाज उठवावा. पण आपल्या रानातली काडी आपल्याच खिशात असते. या हंगामात सगळ्या रानाचे नको, एका एकराचे पाचट ठेवून पाहा. खर्च, पाणी आणि उत्पादन वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी शेजाऱ्याला तुमचे रान दाखवा. आणि घरात कोणाला तीन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा चालताना धाप असेल, तर "वय झालं" म्हणून सोडू नका, फुफ्फुसाची तपासणी करून घ्या. माझ्या आईची तपासणी दहा वर्षे आधी झाली असती तर बरे झाले असते.